शाळेचा वाद्यवृंद वाजता ठेवायचा तर: निधी उभारण्याची आणि माणसं जोडण्याची सविस्तर पद्धत

शाळेच्या संगीत खोलीतलं कपाट आम्ही उघडलं तेव्हा त्यात अकरा व्हायोलिनं होती. वाजण्याजोगी चार. तिघांच्या तारा तुटलेल्या, दोघांची घोडी (तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी) पडलेली, एकाच्या गजाचे, म्हणजे वाजवायच्या काठीचे, निम्मे केस झडलेले आणि एकाच्या पाठीला तडा. सगळी एकाच वर्षी, एकाच मोठ्या देणगीतून घेतलेली. देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं, मुलांनी मनापासून वाजवलं होतं. मधल्या वर्षांत तारा बदलायला मात्र कुणाकडे पैसे नव्हते, कारण ते कुणी मागितलेच नव्हते.

गेली सहा वर्षं मी पालक या नात्याने माध्यमिक शाळेच्या संगीत विभागासाठी निधी गोळा करतो आहे. त्या कपाटाने मला एक गोष्ट कायमची शिकवली: नवं वाद्य घ्यायला लोक हौसेने पैसे देतात, पण ते वाजतं ठेवायला लागणारा पैसा आपण मागितल्याशिवाय येत नाही. म्हणून पुढे जे लिहिलं आहे ते एकदाच्या मोठ्या खरेदीसाठी नाही. दर वर्षी, न चुकता लागणाऱ्या खर्चासाठी आहे.

पहिली पायरी: कपाट उघडा आणि वही घाला

मोहीम, बोधवाक्य, मैफल हे सगळं नंतर. आधी एक पूर्ण दिवस काढा. संगीत शिक्षक, वाद्यदुरुस्ती करणारा एक कारागीर, वरच्या वर्गातली दोन मुलं आणि तुम्ही. प्रत्येक वाद्याला क्रमांक द्या आणि वहीत लिहा: वाद्य कोणतं, माप काय (व्हायोलिन असेल तर अर्धं, पाऊण की पूर्ण), सध्या कुणाकडे आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, आता काय हवं आहे. मग तीन ढीग करा. वाजणारी, दुरुस्त केली तर वाजतील अशी आणि ज्यांचे आता फक्त सुटे भाग उपयोगी पडतील अशी.

या दिवशी कारागीर सोबत असणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याला जे मोडलेलं वाटतं ते बरेचदा मोडलेलं नसतं. व्हायोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या ताणानेच ती जागेवर उभी राहते. आत पोटात एक बारीक लाकडी खुंटी असते, तीही तशीच दाबाखाली अडकवलेली. सगळ्या तारा एकदम काढल्या तर दोन्ही पडू शकतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, वाद्य गेलं. कारागिराच्या हातचं ते थोडक्या वेळाचं काम असतं. तारा एका वेळी एकच बदलायची, हा नियम त्याच दिवशी मुलांना शिकवून टाका.

आमच्याकडे एक मुलगी सॅक्सोफोन वाजवायची. अख्खं सत्र तिला सगळे सांगत राहिले की फुंक कमी पडते, जोर लाव. कारागिराने वाद्याच्या नळीत एक बारीक दिवा सोडला आणि खोलीतला लाइट बंद केला. नळीवरची भोकं बंद करणाऱ्या गाद्यांना पॅड म्हणतात. बंद झाकलेल्या तीन पॅडखालून उजेडाच्या चिरा बाहेर येत होत्या. हवा तिथून निसटत होती. मुलीच्या फुंकीत काहीच कमी नव्हतं. ती काही बोलली नाही, नुसती त्या उजेडाकडे बघत राहिली. तेव्हापासून दुरुस्तीचा खर्च मला कधीच दुय्यम वाटला नाही.

त्याच दिवशी खोलीही तपासा. लाकडी वाद्यांना साधारण 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. एक छोटा आर्द्रतामापक भिंतीवर लावला तर बऱ्याच भेगा टळतात. आवाजाचाही विचार करा. कानांसाठी 85 डेसिबलची पातळी आठ तासांपर्यंत सुरक्षित धरतात आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 डेसिबलला एकच तास. ड्रम आणि ब्रासची (ट्रम्पेटसारखी पितळी) वाद्यं लहान खोलीत वाजत असतील तर आवाज शोषणारे पॅनेल आणि कानातले प्लग चैनीच्या नाही, गरजेच्या यादीत लिहा.

दुसरी पायरी: वर्षाचा आकडा काढा

"संगीत विभागाला मदत हवी आहे" या वाक्यावर कुणी खिशात हात घालत नाही. आकडा लागतो, आणि तो कुठून आला हे सांगता यावं लागतं.

दोन भागांत मांडा. पहिला भाग दर वर्षी संपणाऱ्या गोष्टींचा: तारा, रीड (क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या तोंडाशी लागणारी पातळ पट्टी), ब्रासच्या वाद्यांच्या व्हॉल्व्हचं तेल, ड्रमचे हेड (वरचे पडदे), स्वरलिपीच्या प्रती, पियानो असेल तर वर्षातून दोनदा ट्यूनिंग, बाहेरून येणाऱ्या शिक्षकांचं मानधन, प्रवास. दुसरा भाग झिजेचा, आणि तोच सगळे विसरतात. समजा तुमच्याकडे 24 व्हायोलिनं आहेत आणि मुलांच्या हाताळणीत एक साधारण बारा वर्षं टिकतं असा शिक्षकांचा अनुभव आहे. मग दर वर्षी दोन व्हायोलिनांची किंमत बाजूला पडलीच पाहिजे. तसं केलं नाही तर बाराव्या वर्षी 24 व्हायोलिनं एकदम मागायची वेळ येते, आणि तेव्हा समिती नवी, पालक नवे, आठवण कुणालाच नाही.

ज्या मुलांना फी, वाद्यभाडं किंवा सहलीचा खर्च परवडत नाही त्यांच्यासाठीची रक्कम यादीत सगळ्यात वर लिहा. शेवटी लिहिलेली गोष्ट पैसे कमी पडले की आधी कापली जाते. ही कापली तर ज्या मुलाला शाळेबाहेर वाद्य हातात मिळण्याची शक्यताच नाही, नेमका तोच बाहेर पडतो.

एकूण बेरजेवर दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी चढवा. झाला तुमचा आकडा.

तिसरी पायरी: पैसा कुणाच्या हातात असेल ते आधी ठरवा

एक रुपया गोळा करण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि शाळेचे देणग्यांबाबतचे नियम वाचा. पाच ते सात जणांची समिती पुरते. संगीत शिक्षकांना समितीत घ्या, पण रोख रकमेला त्यांचा हात लागू देऊ नका. त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, उद्या कुणी प्रश्न विचारला तर त्यांच्याकडे बोट जाऊ नये म्हणून. स्वतंत्र खातं, दोघांच्या सह्या, प्रत्येक रकमेची पावती, अगदी लहानातल्या लहान नाण्याचीसुद्धा. कार्यक्रमात जमलेली रोकड दोघांनी मिळून मोजायची, त्याच रात्री, आणि दोघांनी सही करायची. दर महिन्याचा जमाखर्च सूचनाफलकावर लावायचा.

एका मोहापासून जपा. ज्या मुलाच्या पालकांनी जास्त निधी आणला त्याच्या नावे तेवढी रक्कम जमा करायची आणि त्याच्या सहलीच्या खर्चातून वळती करायची, अशी पद्धत काही ठिकाणी पडते. वरवर न्याय्य वाटते. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या मुलांसाठी चालवलेल्या एका पालक संघटनेने अशीच खाती ठेवली होती. 2013 मध्ये तिथल्या करविषयक न्यायालयाने त्या संघटनेची करसवलत नाकारली, कारण पैसा सामाईक कामाला न जाता ज्या त्या कुटुंबाच्या फायद्याला जात होता. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण तत्त्व सगळीकडे लागू पडतं. आलेला पैसा एकाच सामाईक गल्ल्यात गेला पाहिजे. ज्याच्या ओळखी मोठ्या त्याचं मूल पुढे, असं वाद्यवृंदात चालत नाही.

चौथी पायरी: आकड्याचे तुकडे करा

आता तो मोठा आकडा देता येईल अशा तुकड्यांत फोडा. एका व्हायोलिनचा तारांचा संच. एका मुलाच्या वर्षभराच्या रीड. एका सॅक्सोफोनचे पॅड. पियानोचं एक ट्यूनिंग. पाहुण्या शिक्षकांची एक तालीम. एका मुलाची पूर्ण वर्षाची फी. प्रत्येकासमोर रक्कम लिहा आणि यादी एका पानात बसवा. सगळ्यात लहान ओळ इतकी लहान ठेवा की शाळेतलं एखादं मूलसुद्धा स्वतःच्या साठवणीतून ती भरू शकेल.

लहान देणगीला कमी लेखू नका. न्यू यॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी अडला होता. 1885 मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केलं आणि पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. देणारे लाखाच्या वर होते आणि बहुतेकांनी दिलेली रक्कम एका डॉलरपेक्षाही कमी होती. पुलित्झर यांनी केलेली साधी गोष्ट म्हणजे रक्कम कितीही असो, प्रत्येक देणाऱ्याचं नाव छापलं. तुमच्या यादीलाही हाच नियम लावा. ज्यांना नाव नको असेल ते सोडून सगळी नावं एकाच आकाराच्या अक्षरांत लिहा, रक्कम न लिहिता.

तरीही फक्त थेंबांवर तळं भरेल असं धरून चालू नका. समजा एकूण लक्ष्य शंभर भागांचं आहे. माझी मांडणी साधारण अशी असते: पंधरा भागांची एक देणगी, आठ भागांच्या तीन, अडीच भागांच्या दहा, अर्ध्या भागाच्या चाळीस. हे 84 होतात. उरलेले 16 मैफल आणि किरकोळ रकमांमधून. एका होकारासाठी तिघांना विचारावं लागेल असं धरा. म्हणजे अडीच भागवाल्या दहा देणग्यांसाठी तीस नावं हवीत. ती तीस नावं कागदावर लिहायला बसलात की मोहीम झेपणारी आहे की नाही हे तिथल्या तिथे कळतं.

पाचवी पायरी: कुणाला विचारायचं आणि काय बोलायचं

आतून बाहेर जा. आधी समितीतल्या सगळ्यांनी स्वतः द्यायचं, फूल ना फुलाची पाकळी, पण द्यायचंच. ज्याने स्वतः दिलं आहे त्याच्या आवाजातला संकोच कमी होतो. मग सध्याचे पालक, मग माजी विद्यार्थी, मग आजूबाजूचे व्यावसायिक आणि संस्था. माजी विद्यार्थ्यांकडे माझा विशेष ओढा आहे. शाळेत असताना वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत बसलेला माणूससुद्धा आपल्या वाद्याचा वास आणि जड पेटीची मूठ विसरलेला नसतो.

सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. एका माजी विद्यार्थिनीला पाठवलेला संदेश साधारण असा होता:

"ताई, शाळेत असताना तुम्ही क्लॅरिनेट वाजवायचात असं बाईंनी सांगितलं. तेच क्लॅरिनेट आज नववीतली एक मुलगी वाजवते. त्याचे पॅड बदलायला झाले आहेत. कारागिराने दिलेला खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. हा खर्च तुम्ही उचलाल का? या वेळी जमणार नसेल तरी गुरुवारी तालमीला नक्की या. मुलांना तुम्हाला भेटायचं आहे."

यात चार गोष्टी आहेत: तिचं या कामाशी असलेलं नातं, नेमकी वस्तू, नेमका खर्च आणि नकार द्यायला मोकळी जागा. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. भिडेने दिलेला पैसा एकदाच येतो.

मोठी रक्कम मागायची असेल तर संदेश नको, भेटा. आणि शक्य असेल तर तालमीला बोलवा, कार्यक्रमाला नाही. कार्यक्रमात सगळं जुळून आलेलं असतं. तालमीत तीच ओळ सातव्यांदा वाजते, आठव्यांदा अचानक सूर लागतो आणि मुलं एकमेकांकडे बघून हसतात. ते ज्याने पाहिलं त्याला पुढे फार सांगावं लागत नाही. तालीम संपल्यावर रक्कम स्पष्ट बोला आणि मग थांबा. समोरचा विचार करत असताना घाईने "नाहीतर निम्मंसुद्धा चालेल" असं म्हणायचा मोह होतो. मी तो केला आहे आणि निम्मंच मिळालं आहे.

वस्तुरूप मदत: घेण्याआधी तपासा

पहिल्या वर्षी एका कुटुंबाने आम्हाला घरचा जुना उभा पियानो देऊ केला. आम्ही आनंदाने हो म्हटलं. तो हलवायला सहा माणसं आणि एक गाडी लागली. नव्या जागेची हवा मानवावी म्हणून दोन आठवडे थांबून ट्यूनरला बोलावलं. पियानोत साधारण 230 तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा होतो. हा भार ज्या लाकडी फळीतल्या खुंट्या पेलतात, ती फळीच आतून सैल झाली होती. सूर लावला की दुसऱ्या दिवशी उतरायचा. शेवटी तो हलवून टाकायलाही पैसे गेले, आणि ज्यांनी प्रेमाने दिला त्यांना हे सांगताना फार वाईट वाटलं.

तेव्हापासून आमचा लेखी नियम आहे: कोणतंही वाद्य घेण्याआधी कारागीर ते देणाऱ्याच्या घरी जाऊन पाहील. दुरुस्तीचा खर्च नव्या वाद्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर आभार मानून नाही म्हणायचं. यात कुणी दुखावत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा असतो.

वस्तूंपेक्षा वेळ आणि कौशल्य मागा. हिशेब तपासून देणारा लेखापाल, पोस्टर करून देणारी चित्रकार, वाद्यं ने-आण करायला गाडी देणारा पालक, कपाटाला कप्पे करून देणारा सुतार. यांतले कित्येक जण पैसे देऊ शकत नाहीत आणि त्याचं त्यांना वाईट वाटत असतं. काम द्या, ते मनाने आत येतात.

मैफल: पैशांसाठी, पण फक्त पैशांसाठी नाही

मदतीसाठी मैफल ही जुनी रीत आहे. 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये संगीतकार हँडेल यांच्या एका मोठ्या रचनेचा पहिला प्रयोग झाला तो कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी होता. त्या पैशांतून 142 कैदी सुटले. जास्त लोक मावावेत म्हणून बायकांनी घेरदार झग्यांखालच्या कड्या आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती आधीच केली होती. इतका बारीक विचार आयोजकांनी केला होता. मैफलीचं यश बहुतेक वेळा अशाच गोष्टींत दडलेलं असतं.

तारीख ठरवताना परीक्षांचं वेळापत्रक आधी बघा. कार्यक्रम एक तासाचा ठेवा, फार तर सव्वा. सगळ्यात लहान गटाला सुरुवातीला वाजवू द्या, आणि शेवटची रचना सगळ्यांनी मिळून वाजवायची असू द्या. म्हणजे लहानांचे आईवडील शेवटपर्यंत थांबतात. मध्ये एकच निवेदन, तीन मिनिटांचं, आणि ते विद्यार्थ्याने करावं. त्या सॅक्सोफोनवाल्या मुलीने आमच्या दुसऱ्या मैफलीत दिव्याची गोष्ट स्वतः सांगितली. त्या संध्याकाळी दुरुस्तीच्या ओळी सगळ्यात आधी भरल्या.

देणगी देण्याची सोय दारात दोन ठिकाणी ठेवा: रोख पेटी आणि खात्यात थेट भरण्यासाठीचा कोड. यादीचं पान प्रत्येक खुर्चीवर, पेनासकट. प्रवेश मोफत ठेवायचा की तिकीट लावायचं, यावर दुमत असू शकतं. मी मोफतच्या बाजूचा आहे. तिकीट काढलेल्याला वाटतं आपला वाटा झाला, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्याच मुलाचं वादन त्याला ऐकता येत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. हक्क संरक्षित असलेल्या रचना सार्वजनिकरीत्या वाजवायला परवाना लागू शकतो, त्याचं थेट प्रक्षेपण करायला वेगळा, आणि विकत न घेतलेल्या स्वरलिपीच्या झेरॉक्स वाटणं हे बहुतेक ठिकाणी बेकायदाच आहे. लॉटरी किंवा सोडतीसारखे खेळ बऱ्याच देशांत जुगाराच्या कायद्याखाली येतात. चौकशी केल्याशिवाय ठेवू नका. मुलांचे फोटो लावायला पालकांची लेखी संमती घ्या. आर्थिक मदत मिळणाऱ्या मुलांची नावं कधीही, कुठेही सांगू नका, देणगीदाराने विचारलं तरी.

पावती दिल्यानंतरचं वर्ष

बहुतेक मोहिमा इथे थकतात. खरं तर पुढच्या वर्षीचा निधी याच काळात उभा राहतो. तीन दिवसांत आभाराचं पत्र, शक्यतो मुलांच्या हस्ताक्षरात. अर्ध्या वर्षाने एक छोटी ध्वनिफीत, ज्याच्या पैशांतून जे दुरुस्त झालं त्याच वाद्याची. तीस सेकंद पुरे. वर्षाअखेरीस एका पानाचा हिशेब: किती आलं, कशावर गेलं, काय राहिलं, कुठे अंदाज चुकला. चुकलेलं लपवू नका. एका वर्षी आमचा प्रवासखर्च अंदाजापेक्षा बराच वाढला, आम्ही तसं लिहिलं, आणि एका पालकाने पुढच्या वर्षासाठी आपणहून गाडीची सोय केली.

हे पत्र पाठवताना लगेच नवी मागणी जोडू नका. मागणीचं पत्र वेगळं, किमान महिनाभराने.

समितीतले निम्मे सदस्य दर वर्षी बदला, निम्मे ठेवा. वाद्यांची वही, देणगीदारांची यादी, कारागिराचा संपर्क आणि कपाटाच्या किल्ल्या नव्या खजिनदाराच्या हातात, सगळ्यांसमोर द्या.

आणि प्रत्येक वाद्याच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवा. वर देणाऱ्याचं नाव, त्याखाली ज्या मुलांनी ते वाजवलं त्यांची पहिली नावं आणि वर्ष. मुलं ते स्वतः लिहितात, आणि लिहिताना आधीची नावं वाचतात. कार्ड छापताना ओळी भरपूर ठेवा. व्हायोलिन बारा वर्षं टिकलं तर बारा नावं बसायला हवीत.